कारखान्याच्या धुळीतलं सोनं: लहान सोनारासाठी कृती, हिशेबासकट

गारगोटीचा दगड फोडून, दळून, परातीत घोळून सोनं काढणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर पाहिले की कोणालाही हुरूप येतो. पण मुंबईत कुदळ घेऊन निघण्यात अर्थ नाही. इथला दगड बहुतेक काळा बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. सोन्याच्या शिरा सापडतात त्या कर्नाटकातल्या हट्टी-कोलारसारख्या फार जुन्या खडकांत. शिवाय सोनं 1957च्या खाण कायद्याखाली येतं, सरकारी पट्ट्याशिवाय ते खणता येत नाही. कोलारची खाण 2001 मध्ये बंद पडली, आणि हट्टीत आजही टनभर दगड दळून हाती लागतात ते काही ग्रॅम.

आता आपल्या गाळ्यात बघा. पहाटे दुकानं उघडण्याआधी मुंबादेवीच्या आसपासच्या गल्ल्यांत काही माणसं ब्रश आणि सुपडं घेऊन रस्त्याची धूळ आणि गटाराचा गाळ गोळा करतात. कारागिरांच्या कपड्यांना, केसांना, चपलांना चिकटून बाहेर आलेल्या सोन्यावर त्यांचं घर चालतं. बाहेर एवढं पडत असेल तर आत, फळीखाली आणि पॉलिशच्या मोटरीमागे, किती साचत असेल? खाणीत टनाला ग्रॅम मोजतात, कारखान्याच्या राखेत किलोला. म्हणजे हजारपट फरक. कृती मात्र तीच: फोडा, दळा, चाळा, घोळा, वितळवा, शुद्ध करा.

बहुतेक लहान कारखाने हा कचरा वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, झारेकऱ्याला, म्हणजे केरातून सोनं काढणाऱ्याला, अंदाजपंचे ठोक भावात देऊन टाकतात. झारेकरी कष्टाचं खातो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पोत्यात काय आहे हे त्याला अनुभवाने कळतं आणि आपल्याला कळत नाही, तेव्हा सौदा एकतर्फीच होणार. माझं म्हणणं एवढंच की लगड (वितळवून ओतलेला धातूचा तुकडा) पडेपर्यंतचं काम आणि हिशेब स्वतःच्या हातात ठेवा. तेजाबाचं, म्हणजे तीव्र आम्लाने सोनं शुद्ध करायचं, काम दुसऱ्याला द्या, पण ते कसं चालतं ते समजून घ्या.

डबे वेगळे करा

सगळा कचरा एका पोत्यात गेला की पुढचं प्रत्येक काम महागात पडतं. निदान पाच डबे हवेत.

पहिला डबा कानशीच्या किसाचा. हा कामाच्या फळीखालच्या खणात पडतो, जवळजवळ स्वच्छ असतो, आणि याला घोळायची वगैरे गरज नसते. 22 कॅरेटचा आणि 18 कॅरेटचा कीस वेगवेगळा ठेवायचा. चुंबक कागदात गुंडाळून त्यावरून फिरवला की करवतीच्या पात्याचे आणि कानशीचे लोखंडी कण निघून जातात. मग थेट मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं. हा कीस केरात मिसळणं म्हणजे पिकलेला आंबा कोयीच्या भावाने विकणं.

दुसरा डबा जमिनीच्या केराचा. दिवसातून दोनदा, आधी कोरडं झाडायचं, मग ओलं पुसायचं. पुसायचा फडका आणि त्याचं पाणीही टाकायचं नाही.

तिसरा डबा पॉलिशचा: बफची (पॉलिशच्या कापडी चाकाची) धूळ, झिजलेले बफ, एक्झॉस्टच्या पिशवीतला मऊ लालसर भुगा. लहान कारखान्यात नजरेआड होणारं सोनं सर्वांत जास्त इथेच असतं, आणि ते इतकं बारीक असतं की चिमटीत घेतलं तरी चमक दिसत नाही. पॉलिशच्या मोटरीमागे पिशवी नसेल तर पुढचं काही वाचण्याआधी ती बसवून घ्या.

चौथं म्हणजे पाणी. हात धुण्याचं आणि अल्ट्रासॉनिकचं (दागिने धुवायच्या यंत्राचं) पाणी सरळ मोरीत सोडू नका. तीन पिंपं अशी लावा की पहिल्याचं वरचं पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचं तिसऱ्यात जाईल. तिसऱ्यात थोडी तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो. गाळ महिन्याने काढून सुकवायचा.

पाचवा डबा राहिलेल्या सगळ्याचा. फुटक्या मुशी, पॉलिश पेपर, चिंध्या, कास्टिंगचं (ओतकामाच्या साच्याचं) प्लास्टर, बसायच्या चटया. रबरी आणि प्लास्टिकचे हातमोजे मात्र जाळायच्या मालात जाऊ देऊ नका, ते धुवून धुण्याचं पाणी पिंपात टाका.

या पाचांत न बसणारं एक पाणी आहे. बॉम्बिंगचं, म्हणजे सायनाइड आणि पेरॉक्साइडने दागिना उजळवतात ते. त्यात सोनं विरघळलेलं असतं, म्हणून काही जण ते साठवतात. हे पाणी तेजाबाच्या जवळपाससुद्धा ठेवायचं नाही. आम्ल मिसळलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि दहा बाय बाराच्या गाळ्यात त्यातून कोणी उठत नाही. ज्यांच्याकडे परवाना आणि प्रक्रिया करायची सोय आहे त्यांच्याकडेच ते द्या. आपल्याकडे बॉम्बिंग होत नसेल तर सुरू करू नका.

प्रत्येक डब्यावर तारीख आणि वजन लिहा. त्या काळात कारखान्यात किती सोनं आलं, दागिना होऊन किती गेलं, घट किती आली हे वहीत असतंच. परत किती मिळायला हवं याचा अंदाज त्या घटीच्या आकड्यावरूनच येतो.

जाळणं

केर आणि पॉलिशचा माल तसाच घोळला तर मेण आणि तेल लागलेलं सोनं पाण्यावर तरंगून वाहून जातं. म्हणून आधी जाळायचं. ज्वाळा मात्र नको. पसरट लोखंडी ट्रेमध्ये दोन-तीन बोटं जाडीचा थर, वर भोक असलेलं झाकण, आणि अंधुक लाल होईल इतकाच ताव, साधारण 500 ते 600 अंश. पंखा बंद, फुंकणी नाही. वारा घातला की बारीक सोनं धुरासोबत वर जातं. अधूनमधून सळईने हलवायचं. काळेपणा जाऊन राख करडी किंवा विटकरी झाली, बोटात चोळल्यावर काजळी लागली नाही, की झालं. विटकरी रंग लाल पॉलिशमधल्या लोहाच्या भस्माचा, त्याला घाबरायचं कारण नाही.

हे काम चाळीच्या गॅलरीत करू नका. काळबादेवी-भुलेश्वर भागात अशाच धुरावरून रहिवाशांच्या तक्रारी झाल्या आणि महापालिकेने चिमण्याही काढल्या. कास्टिंगवाल्याकडे मेण जाळायची विजेची भट्टी असते, तीवर धुराची नीट व्यवस्था असली तर भाडं देऊन तिथे जाळून घ्यावं.

जुन्या केडीएमच्या डाखाचा (दागिन्याचे सांधे जोडायच्या मिश्रधातूचा) माल असेल तर आणखी जपा. त्यात कॅडमियम असतं आणि ते 767 अंशांना उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी. त्याच्या वाफेने लगेच काही होत नाही. माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी छातीत पाणी भरून श्वास लागतो. कापडी रुमाल इथे कामाचा नाही.

दळणं आणि चाळणं

लोखंडी खलबत्ता लहान मालाला पुरतो, जास्त असेल तर बॉल मिल, म्हणजे आत गोळे असलेलं दळायचं फिरतं पिंप. मुशी आणि प्लास्टर दळताना पाणी शिंपडून दळा. प्लास्टरमध्ये सिलिका असते, तिची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही.

मग 60 नंबरची चाळणी, म्हणजे पाव मिलिमीटर भोकाची. नागदेवी स्ट्रीटला जाळी तुकड्यावर मिळते, लाकडी चौकट आपली आपण ठोकायची. राख आणि माती कुटल्यावर फुटते, सोनं फुटत नाही, चपटं होतं. त्यामुळे दोन-तीनदा कुटून चाळल्यावर चाळणीवर जे उरतं ते बहुतेक धातूच असतं. त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला लागलेलं लोखंड फेकण्याआधी पाण्यात खळबळून घ्या, त्याच्या गुंत्यात सोन्याचे कण अडकलेले असतात. चाळणीवरचा धातू वेगळा तोला आणि वेगळा ठेवा. आता खाली पडलेल्या बारीक राखेकडे वळायचं.

नमुना काढल्याशिवाय विकू नका

इथे घाई करू नका, पैशाचा सगळा खेळ इथेच आहे.

राख एका मोठ्या प्लास्टिकवर ओता. फावड्याने उचलून मध्यभागी टाकत टाकत तिचा शंकू करा. शंकू वरून दाबून पोळीसारखा सपाट करा, चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग घ्या, बाकीचे दोन परत पोत्यात. घेतलेल्या दोन भागांचा पुन्हा शंकू, पुन्हा चार भाग. 200 ग्रॅमच्या आसपास उरेपर्यंत हेच. ओंजळभर वरून उचलून दिलेला नमुना काहीच सांगत नाही, कारण सोनं जड, ते हलवताना तळाला जातं.

आधी चाळण्याचं कारणही हेच. मालात जाड दाणे राहिले तर एक दाणा नमुन्यात आला की हिशेब फुगतो, नाही आला की बुडतो.

नमुन्याचे तीन भाग करून पाकिटं सील करा. एक तपासणीला, एक घेणाऱ्याला, एक आपल्याकडे, वाद झाला तर. तपासणी आगीची मागा, म्हणजे शिशात सोनं पकडून, कुपल नावाच्या सच्छिद्र वाटीत शिसं जाळून, उरलेला दाणा तोलण्याची. दागिन्यांच्या सोन्यासाठी भारतीय मानक 1418 याच पद्धतीचं आहे. बाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर असलेलं टंच (शुद्धता) मोजायचं मशीन राखेवर धरून आकडा सांगणाऱ्याचं ऐकू नका. ते यंत्र पृष्ठभागाचा पातळ थर वाचतं, भुकटीत त्याचा आकडा भरवशाचा नसतो.

आता हिशेब. समजा राख 12 किलो आहे. तपासणीत 50 ग्रॅम राखेतून 0.15 ग्रॅम शुद्ध सोनं निघालं. म्हणजे किलोला 3 ग्रॅम, 12 किलोत 36 ग्रॅम. चाळणीवर उरलेला धातू 10 ग्रॅम, त्याचा टंच 75 निघाला तर त्यात 7.5 ग्रॅम शुद्ध. एकूण 43.5 ग्रॅम. आता कोणी 25 ग्रॅमचे पैसे देतो म्हणाला तर काय बोलायचं ते तुम्हाला कळेल. आणि 40 देतो म्हणाला तर घासाघीस करू नका. भट्टी, तेजाब, जोखीम त्याची आहे.

घोळणं

घोळणं केराला, मुशींच्या भुकटीला आणि प्लास्टरला चालतं. पॉलिशच्या राखेला चालत नाही, तिथलं सोनं पाण्यातही धूळच राहतं. ती राख थेट वितळवायला किंवा नमुन्यावर विकायला ठेवा.

राख रात्रभर पाण्यात भिजवा, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे कोरडा कण पाण्यावर तरंगणार नाही. पसरट, तेल न लागलेलं भांडं घ्या. खाचा असलेली प्लास्टिकची परात मिळाली तर उत्तम, काळी किंवा हिरवी, पिवळा कण तिच्यावर उठून दिसतो. ही परात मोठ्या टबात धरून काम करायचं, टबाबाहेर एक थेंबही जाता कामा नये.

तिसरा हिस्सा भरेल इतकीच राख घ्या. आधी पाण्याखाली परात सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, दहा-पंधरा झटके. या वेळी काही वाहू द्यायचं नाही, फक्त थर लागू द्यायचे. 22 कॅरेट सोनं पाण्याच्या सतरापट जड, लोहाचं भस्म पाचपट, एमरी (पॉलिश पेपरवरची घासायची पूड) चौपट, प्लास्टर-माती अडीच-तीनपट. एवढा फरक असल्यावर सोनं तळाला जाणारच, आपण त्याला वेळ द्यायचा. मग पुढची कड किंचित खाली करून पाणी आत घ्या आणि बाहेर सोडा, वरचा थर पातळ पातळ निघून जाईल. चार-पाच वेळा सोडलं की थांबा, परात सपाट करा, पुन्हा झटके. नवखा माणूस इथेच चुकतो: सोडतच राहतो, आणि थर बसायच्या आत सोनंही कडेवरून जातं.

शेवटी चमचाभर काळसर-तांबडा भुगा राहतो. परात तिरकी करून त्यावर एका बाजूने थोडंसं पाणी फिरवा. हलका भुगा पुढे सरकतो आणि मागे पिवळी रेघ उरते, कधी बारीक, कधी बोटभर. ती ड्रॉपरने किंवा ओल्या ब्रशने उचला. सगळा भुगा काढायचा हट्ट धरू नका, थोडा राहिला तरी मूस तो वेगळा करते. टबातला गाळ सुकवून पॉलिशच्या राखेत टाका, प्लास्टरचा गाळ मात्र वेगळा ठेवा.

पारा वापरू नका. पाऱ्याने बारीक सोनं पटकन धरतं हे खरं, पण ते सोडवायला पारा जाळावा लागतो. तो 357 अंशांना उकळतो, आणि वाफ त्याच खोलीत राहते जिथे कारागीर जेवतात आणि झोपतात. पाऱ्याचा वापर आवरण्याच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिलेली आहे.

मूस

धातूचा माल (चाळणीवरचा, परातीतला) साध्या टाकणखारावर (बोरॅक्स) वितळतो. राख वितळवायची असेल तर मिश्रण लागतं: एक भाग राख, एक भाग सोडा अॅश, एक भाग टाकणखार, पाव भाग काचेची पूड. राखेतलं विखुरलेलं सोनं गोळा करायला वजन करून थोडी चांदी घाला, ती खाली जाताना बारीक कणांना सोबत नेते. प्लास्टर मात्र मुशीत घालू नका. त्यातल्या जिप्समच्या गंधकाने चांदी-तांब्याचा काळा थर तयार होतो आणि माल त्यात अडकतो.

मूस आधी टाकणखाराने आतून चकचकीत करून घ्या. निम्मीच भरा, सोडा फेसाळतो. ताव 1,150 अंशांपर्यंत. सोनं 1,064ला वितळतं, तांबं 1,085ला, पण मळी (धातूवर तरंगणारी वितळलेली घाण) पातळ व्हायला वरचा ताव लागतो. बुडबुडे थांबले, पृष्ठभाग शांत झाला, की सळई बुडवून बघा. मळी एकतारी पाकासारखी ओघळली तर ओता. गठ्ठ्याने चिकटली तर थोडा टाकणखार घालून पुन्हा ताव द्या. साचा कोरडा आणि गरम हवा. ओलाव्याचा एक थेंब असला तरी वितळलेला धातू उडतो. निमुळता लोखंडी साचा असेल तर धातू खाली टोकाला गोळा होतो आणि थंड झाल्यावर हातोडीच्या एका टोल्याने मळी सुटते.

मळी फेकू नका. कुटून, चाळून बघा. त्यात मोहरीएवढे दाणे दिसले तर मळी घट्ट होती, पुढच्या वेळी टाकणखार वाढवा.

तेजाब: समजून घ्या, स्वतः करू नका

लगडीत सोनं, चांदी, तांबं, थोडं जस्त असतं. शुद्ध करायच्या बाजारातल्या वाटा दोन.

पहिली चौथाईची. नायट्रिकचं तेजाब चांदी-तांबं खातं, सोन्याला हात लावत नाही. पण सोनं जास्त असलं तर ते बाकीच्या धातूंना झाकून ठेवतं, म्हणून आधी चांदी मिसळून सोनं एक चतुर्थांशावर आणतात. 10 ग्रॅमची लगड, टंच 60, म्हणजे शुद्ध 6 ग्रॅम. चौथाईला एकूण 24 ग्रॅम लागतील, म्हणजे 14 ग्रॅम चांदी घालायची. चांदीऐवजी तांबं घातलं तरी चालतं, पण ग्रॅमला ग्रॅम तांबं चांदीच्या तिपटीहून जास्त तेजाब खातं. शेवटी उरतो तो सोन्याचा तपकिरी भुसभुशीत गाळ. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळते, ती हिशेबात मागायची विसरू नका.

दुसरी वाट अम्लराजाची: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. यात सोनंच विरघळतं आणि चांदी पांढरा गाळ होऊन खाली बसते. लगडीत चांदी दहा टक्क्यांच्या वर असली तर तो पांढरा थर सोन्यावर चढून काम अडतं. द्रावातलं शिल्लक नायट्रिक संपवून मग सोडियम मेटाबायसल्फाइटने किंवा हिराकशीने (फेरस सल्फेट) सोनं पाडतात. सोन्याच्या द्रावात अमोनिया कधीही घालायचा नाही. त्यातून होणारा पदार्थ सुकल्यावर नुसत्या घासण्याने फुटतो.

दोन्ही वाटांत तांबूस, गुदमरवणारा वायू सुटतो. धूर शोषणारी यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि खर्ची पडलेलं तेजाब तळोज्याच्या धोकादायक कचरा प्रकल्पाकडे पाठवायची सोय असेल त्याच रिफायनरीत हे काम द्यावं. तेजाब विकणाऱ्याला 2013च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी लागते. प्रिन्सेस स्ट्रीटला बाटली सहज मिळाली म्हणून गाळ्यात काम सुरू करण्यात शहाणपण नाही.

रिफायनरीशी सौदा

लगड देताना तुमच्यासमोर तोलली पाहिजे. टंच नुसता वरून मशीनवर धरून घेऊ नका, मिश्र लगडीत वरचा आणि खालचा थर वेगळा असू शकतो. वरून आणि खालून ड्रिल करून निघालेला भुगा तपासायला सांगा, किंवा पुन्हा वितळवून, ढवळून, वितळलेल्या मालातूनच नमुना घ्या. चिठ्ठीवर चार आकडे हवेत: लगडीचं वजन, टंच, परत मिळणारं शुद्ध सोनं, कापलेली मजुरी. व्हाइट गोल्डचं काम होत असेल तर पॅलेडियमबद्दल आधीच बोला. नायट्रिकमध्ये तेही विरघळतं आणि न बोलता तिकडेच राहतं.

ठोक सौदा फक्त पाचव्या डब्यातल्या चटया आणि चिंध्यांचा करावा. त्यांना नमुना काढणं अवघड आणि जाळायचा त्रास जास्त. आणि भाड्याचा गाळा सोडताना मालकाशी आधीच बोलून घ्या की लाकडी फळ्या, जमिनीवरचं लिनोलियम आणि मोरीचा पाइप तुम्ही उचलणार आहात. पाइपच्या वळणात साचलेला गाळ तिथल्या तिथे बादलीत काढा, मग पाइप भंगारवाल्याला द्या.